अखंड त्वचेवर लावावे

जागा बधीर करणाऱ्या कुठल्याही क्रीमच्या खोक्यातला कागद उलगडला की एक सूचना हमखास सापडते: फक्त अखंड त्वचेवर लावावे. बहुतेकांना ती वाचायचीही गरज पडत नाही. एपिडर्मोलायसिस बुलोसा, म्हणजे ईबी, या आजारात मात्र सगळी अडचण याच ओळीत आहे. जन्मापासून ज्याच्या अंगावर धड कातडी कमी आणि फोड, खपल्या, ओल्या जखमा जास्त, त्याचंही रक्त काढावं लागतं, त्याचाही दात काढावा लागतो, तपासणीसाठी कातडीचा तुकडा घ्यावा लागतो आणि रोज नाहीतर एक दिवसाआड सगळ्या अंगावरच्या पट्ट्या बदलाव्या लागतात. वेदना सगळ्यांत जास्त याची, आणि वेदना थांबवणारं औषध मात्र दुसऱ्याच कातडीचं माप घेऊन बेतलेलं.

त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात. गोधडीचे टाके उसवले की वरचं कापड खालच्यावरून सरकायला लागतं, तसं ही प्रथिनं सदोष असली की वरचा थर सरकतो, मधल्या फटीत पाणी भरतं आणि फोड येतो. फट कुठे पडते त्यावरून प्रकार ठरतो. सिम्प्लेक्समध्ये केराटिन ५ किंवा १४ बिघडलेलं असतं आणि वरच्या थराच्या तळाच्या पेशीच फाटतात. जंक्शनलमध्ये दोन थरांच्या सांध्यातच फट पडते. तिथलं लॅमिनिन ३३२ बिघडलेलं असलं की आजार सर्वांत उग्र. डिस्ट्रॉफिकमध्ये सातव्या प्रकारचं कोलाजेन नसतं किंवा अपुरं असतं, फट खोल पडते आणि प्रत्येक जखम व्रण ठेवून जाते. चौथा किंडलर, तो फार विरळा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदींत दहा लाख जन्मांमागे सुमारे २० मुलं सापडली. डिस्ट्रॉफिकचा उग्र प्रकार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल असलेल्या घरांत तो जास्त भेटणं स्वाभाविक आहे.

या कातडीचा एक नियम आधी सांगून टाकतो, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. दाबलेलं चालतं, घासलेलं चालत नाही. सरळ खाली दिलेला दाब ती बऱ्यापैकी सोसते. आडवी ओढ लागली की सुटते. रक्तदाबाचा पट्टा जाड कापसाच्या गुंडाळीवरून बांधला तर बहुधा काही होत नाही, पण स्पिरिटचा बोळा दोनदा चोळला की तेवढ्या जागेचं साल हातात येतं.

आता औषधाकडे. लिग्नोकेन, परदेशातल्या कागदांत ज्याला लायडोकेन म्हणतात ते, स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली तयार केलं. १९४८ मध्ये ते झायलोकेन या नावाने बाजारात आलं. मज्जातंतूच्या आवरणातले सोडियम चॅनेल, म्हणजे वेदनेचा संदेश पुढे नेणारी दारं, ते बंद करतं, पण बाहेरून नाही, आत शिरून. आत शिरायला रेणूवर विद्युतभार नसावा लागतो. शरीराच्या नेहमीच्या ७.४ पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप; आकडा उतरला की आम्लता वाढते) असे भाररहित रेणू साधारण चोवीस टक्के असतात. सुजलेल्या, पू धरलेल्या जागी पीएच ६.९ पर्यंत उतरला तर ते नऊ टक्क्यांवर येतात. शिवाय सुजेमुळे रक्तवाहिन्या फुललेल्या असतात, त्या औषध वाहून नेतात. चिघळलेल्या जागेत इंजेक्शन ‘लागलं नाही’ अशी तक्रार येते तिचं कारण हे. उपाय आणखी औषध ओतणं नव्हे, सुजेच्या बाहेरून मज्जातंतू, म्हणजे नस, गाठणं हा आहे.

सुई टोचण्याआधी लावायची प्रसिद्ध क्रीम म्हणजे एम्ला. तिच्यात २.५ टक्के लिग्नोकेन आणि २.५ टक्के प्रिलोकेन, म्हणजे त्याच वर्गातलं दुसरं बधीर करणारं औषध, असतं. दोन्ही पदार्थ सुटे असताना घन असतात, ठरावीक प्रमाणात एकत्र केले की साध्या तापमानाला तेलकट द्रव होतात आणि म्हणून कातडीत शिरू शकतात. तरीही एका तासात बधिरपणा तीन मिलिमीटरपर्यंतच जातो, दोन तासांत पाच. अडवणारा असतो तो त्वचेचा सगळ्यांत वरचा, मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या-शंभराव्या भागाइतका मृत थर. ईबीत जखमेवर नेमका तोच नसतो.

याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. १५ किलो वजनाचं मूल घ्या. साधं लिग्नोकेन टोचायचं तर कमाल मर्यादा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६७.५ मिलिग्रॅम. याच मुलाला अखंड त्वचेवर एम्ला १० ग्रॅमपर्यंत लावायची मुभा आहे आणि १० ग्रॅममध्ये लिग्नोकेन असतं २५० मिलिग्रॅम. जवळजवळ चौपट. ही उधळपट्टी परवडते कारण त्यातलं थोडंसंच आत जातं. कातडी काढून घ्या आणि आकडा तसाच ठेवा, म्हणजे धोका कुठे आहे ते दिसेल.

म्हणून उघड्या जखमेवर काहीही लावताना ते सगळंच्या सगळं रक्तात जाणार असं धरून माप काढावं. प्रत्यक्षात सगळं जात नाही, पण किती जाईल ते जखमेगणिक बदलतं आणि आधी कळत नाही. लिग्नोकेनच्या २ टक्के जेलीच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतात, तेव्हा या मुलाची मर्यादा ३.४ मिलिलिटर, चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. ३० ग्रॅमच्या एका ट्यूबमध्ये तिच्या नऊपट औषध असतं. ५ टक्क्यांचं मलम असेल तर १.३५ ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, म्हणजे तीन रेघाही नाहीत. १० टक्के स्प्रेच्या एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम, म्हणजे सहा फवारे. पण तो ईबीच्या जखमेवर मारूच नये. त्यात अल्कोहोल असतं, आणि बधीर होण्याआधी जी आग होते तिच्यापुढे मूळ दुखणं परवडलं. हा हिशेब डॉक्टरांनी वजन बघून करून द्यावा, कागदावर लिहून द्यावा, आणि घरी मोजायला सुई नसलेली सिरिंज द्यावी. ‘थोडी जेली लावा’ ही सूचना या आजारात सूचना नव्हे.

माप चुकलं तर मोठं माणूस सांगतं: तोंडात धातूची चव, ओठांना मुंग्या, कानात गुणगुण. तान्हं मूल सांगत नाही. ते अकारण सुस्तावतं किंवा बेचैन होतं आणि पुढची पायरी झटक्यांची असते. नवजात बाळाच्या रक्तात लिग्नोकेनला धरून ठेवणारं प्रथिन कमी असतं, त्यामुळे मोकळं औषध जास्त फिरतं. डिस्ट्रॉफिक ईबीच्या काही रुग्णांचं हृदयही कमजोर झालेलं असतं, आणि लिग्नोकेनचा अतिरेक शेवटी हृदयावरच जातो.

प्रिलोकेनचा धोका वेगळाच. त्याच्या विघटनातून बनणारा पदार्थ हिमोग्लोबिनचं मेटहिमोग्लोबिन करतो आणि ते प्राणवायू पोचवत नाही. ओठ निळसर दिसायला डेसिलिटरमागे, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तामागे, दीड ग्रॅम मेटहिमोग्लोबिन व्हावं लागतं. हिमोग्लोबिन १५ असेल तर हा दहावा भाग, निळेपणा वेळेवर दिसतो. पण उग्र ईबीत रक्त कायम कमी; हिमोग्लोबिन ६ असेल तर दीड ग्रॅम म्हणजे चौथा हिस्सा. रंग बदलेपर्यंत पाव रक्त निकामी झालेलं असतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही इथे फसवतं, आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो. मूल डॅप्सोन किंवा को-ट्रायमॉक्साझोल घेत असेल तर ही औषधंही त्याच दिशेने ढकलतात, आणि त्वचेच्या आजारांत दोन्ही दिली जातात. क्रीम लावण्याआधी चालू औषधांची यादी विचारणं म्हणूनच गरजेचं.

धड कातडीवर, शीर शोधायच्या जागी, एम्ला जरूर वापरावी. घोळ होतो तो ती झाकताना. तिच्यावर एरवी जी पारदर्शक चिकटपट्टी लावतात ती काढताना कातडी घेऊनच निघते. त्याऐवजी स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म सैल गुंडाळावी आणि वरून गॉझचा रोल. चुकून कोणी चिकटपट्टी लावलीच तर ओढायची नाही. सिलिकोनचा रिमूव्हर, तो नसेल तर लिक्विड पॅराफिन कडेकडेने सोडत वाट बघायची. शीर मिळाल्यावर सुईही गॉझच्या पट्टीने किंवा सिलिकोनच्या टेपने बांधायची. या क्रीमने आधी शिरा आकसतात, त्यामुळे ती पुसून पाचदहा मिनिटं थांबलं तर शीर बरी दिसते.

इंजेक्शनचं तंत्र तर पुरतं उलटं होतं. एरवी कातडीतच थोडं औषध सोडून संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा उठवतात आणि तो उठला की सुई बरोबर पडली असं मानतात. ईबीत तो फुगवटा म्हणजे आपण स्वतः बनवलेला फोड. द्रवाचा दाब तेच थर वेगळे करतो जे एरवी घासण्याने होतात. म्हणून २७ किंवा ३० नंबरची सुई, जागा चोळायची नाही तर जंतुनाशकाचा बोळा टेकवून उचलायचा, सुई कातडी पार करून खालच्या चरबीत न्यायची आणि मगच औषध सोडायचं. अगदी सावकाश, मिनिटाला एक मिलिलिटर हा वेग बरा. हात-पाय धरणाऱ्याने मूठ आवळायची नाही, कापूस घातलेल्या तळव्यावर अवयव नुसता ठेवून घ्यायचा, कारण मूल झटका देतं तेव्हा सोलवटते ती सुईची जागा नव्हे, धरलेली जागा. इंजेक्शनची चुरचुर कमी करायला नऊ भाग लिग्नोकेनमध्ये एक भाग सोडियम बायकार्बोनेट मिसळतात. हे मिश्रण ताजंच वापरायचं, ठेवून उपयोग नाही.

दातांच्या डॉक्टरांकडे हेच सगळं आणखी अरुंद जागेत करायचं असतं. डिस्ट्रॉफिक रुग्णाचं तोंड व्रणांमुळे पुरतं उघडत नाही, जीभ तळाशी चिकटलेली असते. ओठांना आधी भरपूर व्हॅसलीन, लाळ ओढणारी नळी हिरडीवर नव्हे तर दातावर टेकवलेली, आणि औषध खोल, संथ. घाईने वरवर टोचलं तर गालाच्या आत रक्ताचा फोड उठतो. तो सुईने फोडून रिकामा करावा, नाहीतर पसरतो.

बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी कातडीचा तुकडा घेण्याचा, मुद्दा मला या सगळ्यात फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात नुकसान रुग्णाला लगेच कळत नाही. ईबीचा प्रकार ठरवताना फट नेमकी कोणत्या पातळीवर आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जागा आधी हलकेच घासून ताजी फट पाडतात आणि फोडाच्या कडेचा तुकडा घेतात. आता तिथे एम्ला लावलेली असेल तर? एम्लाने निरोगी त्वचेतही तळाच्या पेशींमध्ये पोकळ्या दिसू लागतात, थर सुटल्यासारखे वाटतात. पॅरिसमधल्या डॉक्टरांनी २००७ साली अशी १३ प्रकरणं एकत्र मांडून ही निदानातली चकवा देणारी जागा दाखवली. तान्ह्या मुलाला दुखू नये म्हणून लावलेली क्रीम त्याच्या कातडीत नसलेली फट दाखवू शकते, आणि त्या फटीवर पुढे जनुकीय तपासणी, आईच्या पुढच्या गर्भारपणाचा सल्ला, असं सगळं उभं राहतं. ईबीच्या बायोप्सीला क्रीम नको. तुकडा घ्यायच्या जागेच्या बाजूने खोलवर लिग्नोकेन टोचावं. तेवढं एक टोचणं सोसलेलं बरं.

रोजच्या ड्रेसिंगचं दुखणं लिग्नोकेनने सुटत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. पाठ आणि दोन्ही मांड्या बधीर करायला लागणारी जेली मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाते. तिथे इतर गोष्टी कामाला येतात. अंघोळीच्या पाण्यात लिटरला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे २० लिटरच्या बादलीला १८० ग्रॅम. साधं पाणी झोंबतं, हे झोंबत नाही, कारण त्याचा खारेपणा शरीरातल्या द्रवाइतका असतो. मीठ अंदाजाने टाकू नये, वजन करून टाकावं; दुप्पट पडलं तर पुन्हा झोंबतं आणि मूल अंघोळीलाच घाबरायला लागतं. चिकटलेली पट्टी पाण्यातच सुटू द्यावी. त्यापुढे मॉर्फिनचा जेल आहे, साधारण एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम. सुजलेल्या जागेतल्या नसांच्या टोकांवर अफूवर्गीय औषधांना प्रतिसाद देणारे रिसेप्टर असतात, म्हणून जखमेवर लावलेल्या अल्पशा मॉर्फिननेही आराम पडतो. ईबीच्या दोन मुलांवरचा असा अनुभव लंडनच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये छापला होता. दोन मुलं! विरळ आजारातलं संशोधन असंच असतं.

नसांबद्दलही आपली समजूत बदलली आहे. इतकी वर्षं धरून चाललो होतो की ईबीत कातडी आजारी, नस बिचारी ठणठणीत, फक्त उघडी पडलेली. २०११ मध्ये बर्लिनच्या माक्स डेलब्रुक केंद्रातल्या गटाने दाखवलं की लॅमिनिन ३३२ स्पर्शाच्या नसांना आवर घालतं. ते ज्यांच्यात नाही अशा जंक्शनल रुग्णांच्या त्वचेत नसांना जास्त फांद्या फुटलेल्या आढळल्या. आणि २०१७ मध्ये चिलीतल्या रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं की डिस्ट्रॉफिक ईबीत बारीक नसा स्वतःच झडलेल्या असतात, गरम-थंड उशिरा कळतं आणि तरी जळजळ चालू राहते. जखम भरली तरी पाय का जळतो, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. अशा जळजळीवर गाबापेन्टिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन द्यायला त्यामुळे आधार मिळाला. लिग्नोकेनचा ५ टक्क्यांचा पॅचही नागिणीनंतरच्या अशाच दुखण्यावर चालतो, पण तो चिकटणारा आणि अखंड त्वचेसाठीचा. पुन्हा तीच ओळ.

आता सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत अवघड भाग. उग्र डिस्ट्रॉफिक ईबीत रुग्ण मोठा झाला की जुन्या जखमांत स्क्वॅमस सेल कॅन्सर हा त्वचेचा कॅन्सर होतो. अमेरिकी नोंदींनुसार विसाव्या वर्षापर्यंत ७.५ टक्के, पस्तिसाव्यापर्यंत ६७.८ टक्के, पंचावन्नाव्यापर्यंत ९०.१ टक्के रुग्णांना. तरुणपणी ही माणसं मरतात ती बहुतेक यानेच. २०१८ च्या एका अभ्यासात या गाठींतले जनुकीय बदल उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरपेक्षा डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या जवळचे निघाले. आणि २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पेशी लिग्नोकेनने मेल्या. कडू चव ओळखणारा टी२आर१४ हा रिसेप्टर त्यामागे होता. दोन कागद शेजारी ठेवले की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: ईबीतल्या कॅन्सरवरही लिग्नोकेन चालेल का?

प्रयोगशाळेत औषध असं काम करतं ते मिलिमोलर तीव्रतेला (एक मिलिमोलर म्हणजे हजार मायक्रोमोलर). रक्तात लिग्नोकेन मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं सुरू होतात, आणि हे ५ मायक्रोग्रॅम म्हणजे २१ मायक्रोमोलर. शिरेतून ती तीव्रता कधीच गाठता येणार नाही. पण ०.५ टक्क्यांचं इंजेक्शन २१ मिलिमोलर असतं, बरोबर हजारपट. तेव्हा करायचं तर गाठीभोवती टोचूनच. हे कुठे करून पाहिलं आहे? आपल्याकडेच. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या ११ केंद्रांत, स्तनाच्या सुरुवातीच्या कॅन्सरच्या १,६०० स्त्रियांवर. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ९०.१ टक्के, न टोचलेल्यांत ८६.४. निकाल २०२३ मध्ये छापून आले. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, ही या अभ्यासाची उणी बाजू. तरीही इतक्या स्वस्त औषधासाठी इतकी मोठी, इतकी वर्षं चाललेली चाचणी कोणी केली याचं मला कौतुक वाटतं.

पण तो स्तनाचा कॅन्सर, ही त्वचा. ईबीच्या गाठीभोवती अखंड ऊती नसते. व्रण असतो, आणि व्रणात द्रव पसरत नाही, जिथे सैल वाट मिळेल तिथे पळतो, म्हणजे पुन्हा फोडात. जास्त तीव्रतेचं लिग्नोकेन केराटिनोसाइट आणि फायब्रोब्लास्ट या जखम भरणाऱ्या पेशींनाही मारतं, त्यामुळे कॅन्सर टाळायला जखमांवर रोज जेली लावत बसणं हा तर उफराटा उद्योग ठरेल. चाचणीची रचनाही सोपी नाही. एकाच रुग्णाला दहा-बारा गाठी होतात, काहींची शस्त्रक्रिया जागा बधीर करून होते, काहींची पूर्ण भूल देऊन, आणि कॅन्सर पसरला तर तो कोणत्या गाठीतून पसरला हे सांगता येत नाही. सध्या हाताशी असलेली सामग्री म्हणजे आजवर झालेल्या शस्त्रक्रियांचे कागद. त्यांत बहुतेक ठिकाणी ‘लोकल’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. किती टक्क्यांचं, किती मिलिलिटर, गाठीपासून किती अंतरावर आणि चाकू लावण्याआधी किती मिनिटं, हे नसेल तर ते कागद या प्रश्नाला उपयोगाचे नाहीत.